दिवस सातवा, चहा दोन कप

“रात्री किती वेळा उठता, आजी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“पाण्याच्या दिवशी, का बिनपाण्याच्या?” मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. तस्नीमबाई त्यांचं नाव. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नव्यानंच आल्या होत्या. बाहेर बाकावर वीस माणसं खोकत बसली होती, तरी या बाईंना घाई नव्हती.

“लघवीला उठता ना?”

“हो.”

“मग पाण्याचा दिवस म्हणजे काय?”

“नळाला पाणी यायचा दिवस. तेव्हा पाच-सहा वेळा उठते. एरवी दोनदा.”

“नळाला पाणी येणार म्हणून तुम्हाला लघवी लागते?”

“तसंच म्हणा ना.”

मला त्यात नवल वाटत नव्हतं. अमावास्येला कुणाचा दमा वाढतो, तसं माझं पाण्याच्या दिवशी वाढतं, असं मी धरून चालले होते. दवाखान्यात मी त्यासाठी गेलेच नव्हते. मी गेले होते गुडघा दाखवायला. आदल्या रात्री मी अंबादास टेलरच्या खड्ड्यात पडले होते.

बाईंना खड्ड्याचंही सांगावं लागलं. आमच्या साळी गल्लीत नळाला जोर नव्हता, म्हणून प्रत्येकानं दारात कमरेइतका खड्डा खणून नळ खाली घेतलेला. पाणी आठ दिवसांनी यायचं. आठ म्हणायचं, पण कधी सातव्या रात्री, कधी नवव्या. वेळ रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत कुठलीही. आलं की सव्वा तास, मग गेलं. गजर लावून उपयोग नव्हता, कारण गजर एकदाच वाजतो आणि पाणी कधी येणार ते घड्याळाला ठाऊक नसतं. अंबादासनं एकदा नळ उघडा ठेवून त्याच्याखाली ताट उपडं घातलं, पाणी पडलं की वाजेल म्हणून. त्या ताटावर मांजर येऊन झोपलं. पाणी मांजरावर पडलं, मांजर ताट बाजूला सरकवून गेलं, ताट काही वाजलं नाही.

आणि संडास गल्लीच्या टोकाला. मी रात्री उठले की हातात पितळेचा तांब्या घेऊन सगळ्यांच्या खड्ड्यांवरून टोकापर्यंत जायची आणि परत यायची. नळ आधी खोकतो, मग फुसफुसतो, मग पाणी येतं. पहिला खोकला कानावर आला की मी तांब्या दारादारावर आपटत सुटायची. “उठा गं, आलं, आलं.” दोन मिनिटांत गल्ली जागी.

“म्हणजे तुमच्या लघवीवर गल्ली पाणी भरते,” तस्नीमबाई म्हणाल्या.

“चार वर्षं झाली.”

त्यांनी माझा गुडघा दाबून पाहिला, मग घोटा दाबला. बोटाचा खळगा पडला तो तसाच राहिला. त्या खळग्याकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

“काम काय करता?”

“मागावर बसते. खादीचे पंचे विणते.”

“आजी, या वेळी गुडघ्यावर निभावलं. पुढच्या वेळी खुब्याचं हाड मोडेल. मग माग बंद, आणि रात्रीचं उठणंही बंद, कारण उठताच येणार नाही. रात्रीचं उठणं कमी करायला हवं.”

त्यांना वाटलं मी घाबरले. घाबरले होतेच, पण हाडाला नाही.

त्यांनी एक छापील कागद काढला. रकाने होते. वाजले किती, काय प्यालात, किती प्यालात, लघवी किती झाली, रात्री किती वेळा उठलात. सोबत मापाच्या रेघा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं.

“तीन दिवस सगळं लिहायचं. घरात लिहिणारं कुणी आहे?”

“मी लिहिते,” मी म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी, बासष्टाव्या वर्षी, मारुतीच्या देवळात भरणाऱ्या रात्रीच्या वर्गात मी अक्षरं शिकले होते. तेव्हापासून लिहायला काही नव्हतं. पत्र लिहावं तर मुलगी नांदेडला, तिच्या दारात फोन आलेला. या कागदानं पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं होतं.

*

भांडं घेऊन गल्लीतून जाताना लपवणार कुठं? अंबादास दारात मशीन घेऊन बसलेला असायचा. दिवसा त्याची नजर चुकवून मुंगी जात नसे.

“मावशी, हे काय दुधाचं माप?”

“तुझं शिवण नीट बघ.”

“नाही, रतीब घालायचा असेल तर सांगा. आधी नाव लावून ठेवतो.”

त्याची बायको आतून हसली. शेजारची मथुरा हसली. तिचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती, तिला कशाचंही हसू यायचं.

मला राग येत नव्हता, हे खरं सांगायला पाहिजे. नवरा गेल्यावर दोन वर्षं माझ्या दारात माणूस फिरकलं नव्हतं. गल्ली वाईट नव्हती. प्रत्येकाला आपापलं होतं. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसायची, संध्याकाळी चूल पेटवायची, आणि कधी कधी रात्री झोपताना लक्षात यायचं की आज आपण तोंडातून शब्द काढलेला नाही. मग हे रात्रीचं उठणं सुरू झालं. एका रात्री नळ खोकताना ऐकला, तांब्या आपटला. सकाळी समोरची गयाबाई चहा घेऊन आली. पुढच्या पाण्याला मथुरेची सासू ताक घेऊन आली. अंबादासनं उन्हाळ्यात कलिंगड कापलं की माझ्या फोडी वेगळ्या निघू लागल्या. संध्याकाळी माझ्या ओट्यावर माणसं बसू लागली. “खा मावशी, पी मावशी.” तस्नीमबाई म्हणत होत्या, हे उठणं कमी करायचं.

मी त्या रात्रीपासून लिहायला लागले. कंदील लहान करून उशाशी ठेवायचा, उठलं की आधी लिहायचं, मग जायचं, आल्यावर पुन्हा लिहायचं. माझं अक्षर सावकाश चालायचं. दोनचं उठलेलं लिहून होईतो अडीचचं लागायचं.

तीन दिवसांनी कागद घेऊन गेले तर बाईंच्या घरी काही अडचण होती, त्या रजेवर. शिपाई म्हणाला, “दोन आठवड्यांनी या.” लिहिणं थांबवा असं काही तो म्हणाला नाही. मी परत येऊन लिहीत राहिले. छापील कागद संपला तेव्हा मथुरेकडून जुनी वही आणली, तसेच रकाने पाडले. एकूण सतरा दिवस लिहिलं. सतरा दिवसांत दोनदा पाणी आलं, दोन्ही वेळा मी पकडलं.

*

तस्नीमबाईंनी वही उघडली आणि वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

“मी तीनच दिवस म्हटलं होतं.”

“तुम्ही नव्हता. मग थांबू का नको कुणाला विचारू?”

“बरं. पण आजी, यात तारीख कुठं आहे? इथं ‘दिवस आठवा’ लिहिलंय आणि त्याच्या खाली ‘दिवस पहिला’. मग पुन्हा ‘दिवस आठवा’, पुन्हा ‘पहिला’. मला नीट लागत नाही.”

“पाणी येऊन कितवा दिवस, ते. आमच्याकडे तसंच मोजतात.”

खरंच तसंच मोजायचे. आमच्या गल्लीत वार कुणी विचारत नसे. “पाहुणे कधी येणार?” “दिवस तिसऱ्याला.” “कपडे कधी धुवायचे?” “पहिल्याला.” लग्नाच्या तिथीसुद्धा भटजींनी काढल्यावर बायका बोटांवर मोजून बघायच्या की पाण्याचा कितवा पडतो. मला वाटलं होतं, सगळीकडेच असं असतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लाल पेन घेतलं आणि वहीत गोल काढायला लागल्या. एक गोल, दुसरा, तिसरा. पानं उलटत गेल्या आणि गोल काढत गेल्या. शाळेत न गेलेल्या माणसाला लाल गोल म्हणजे चूक, एवढंच ठाऊक. मला वाटलं, एवढं चुकलं.

“आजी, तुमच्याकडे सातव्या, आठव्या दिवशी काय असतं? काही सण असतो?”

“नाही.”

“मग हे बघा.” त्यांनी वही माझ्याकडे फिरवली, पण मी बघायच्या आत स्वतःच सांगायला लागल्या. त्यांनी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. एक, मी दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय लोंबते ठेवते, त्यामुळे अंगातलं पाणी पायात उतरतं. रात्री आडवी झाले की ते परत वर येतं आणि लघवी होऊन बाहेर पडतं.

“म्हणजे दिवसभर पाणी अडवून ठेवायचं आणि रात्री सोडायचं,” मी म्हणाले. “आमच्या नगरपालिकेसारखं.”

आता हसल्या. दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडायला सांगितलं. दुसरं, रक्तदाबाची गोळी. ती गोळीच मुळात अंगातलं पाणी काढणारी. मी ती रात्री घेत होते, कारण जेवणानंतर घ्यायची एवढंच मला ठाऊक, आणि माझं बसून जेवण एकच, रात्रीचं. ती आता सकाळी घ्यायची. साखर तपासली होती, ती ठीक होती.

“आणि तिसरं, संध्याकाळी पाचनंतर चहा, ताक, कलिंगड काही नाही. तहान लागली तर घोटभर पाणी. बाकी दिवसा भरपूर प्या. गोल केलेत ना मी, ते सगळे बंद.”

बाहेर निंबाखाली बाक होता. तिथं बसून मी वही उघडली. लिहिताना मी एकेक ओळ लिहिली होती, सगळं एकदम कधी वाचलं नव्हतं. वाचायला वेळ लागला.

दिवस पहिला. काही नाही. दिवस दुसरा. काही नाही. दिवस तिसरा. काही नाही. चौथा, पाचवा, सहावा. काही नाही. दिवस सातवा. सहा वाजता, गयाबाई, चहा दोन कप. साडेसहा, मथुरा, ताक एक तांब्या. आठ वाजता, अंबादास, कलिंगड अर्धं. दिवस आठवा. गयाबाई, चहा दोन कप. मथुरा, ताक एक तांब्या. अंबादास, कलिंगड. नऊ वाजता पुन्हा गयाबाई, पुन्हा चहा.

मग दिवस पहिला. काही नाही.

बाजूला एक म्हातारा बसला होता. त्यानं विचारलं, “बाई, काय निघालं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “पंपात पाणी ओतल्याशिवाय तो चालू होत नाही, तसं निघालं.”

त्यानं मान हलवली, जणू त्यालाही तेच झालं होतं.

*

मी कुणाला काही बोलले नाही. गोळी सकाळी घ्यायला लागले. दुपारी माग थांबवून पाय उशीवर टाकायला लागले. पाचला चूल विझवायची. पाचव्या दिवशी रात्री एकदाच उठले. सहाव्या दिवशी एकदाही नाही. सकाळी जागी झाले तर उजाडलेलं, आणि मी कोण, कुठं, ते क्षणभर कळेना. चार वर्षांत असं झोपले नव्हते.

सातव्या दिवशी सहा वाजता गयाबाई चहा घेऊन आली.

“नको,” मी म्हणाले. “पाच वाजून गेले.”

“म्हणजे?”

“डॉक्टरनं सांगितलंय. पाचनंतर नाही.”

तिनं कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “एक कप तरी. आलं घातलंय.”

“नको.”

मथुरा ताक घेऊन आली, तीही उभी राहिली. अंबादास परात घेऊन आला. तिघं माझ्या ओट्यासमोर उभे, हातात चहा, ताक, कलिंगड, आणि मी हात मांडीवर ठेवून बसलेली. देवाला नैवेद्य दाखवावा आणि देवानं तोंड फिरवावं, तसं चाललं होतं.

“मावशी, दोन फोडी,” अंबादास म्हणाला. “फळ आहे. फळाला डॉक्टर नाही म्हणत नाहीत.”

“कलिंगडाला म्हणतात.”

“मग बिया तरी काढून देतो.”

“बियांनी काय होतं रे?” मथुरेनं विचारलं.

“तू गप.”

त्या रात्री पाणी आलं नाही. म्हणून मी झोपले होते ते कुणाला कळलं नाही.

आठव्या दिवशी गयाबाई एकटी आली. तिच्या दारात मांडव पडला होता. तिच्या थोरल्या मुलीचं, उज्ज्वलाचं लग्न. उद्या हळद, परवा लग्न. उमरग्याहून चाळीस माणसं यायची होती, आणि तिच्या घरातली सगळी पिंपं रिकामी, धुऊन पालथी घातलेली. पाणी येणार म्हणून.

या वेळी तिनं चहा आग्रहानं दिला नाही. कप ओट्यावर ठेवला आणि बाजूला बसली.

“आज येणारच,” ती म्हणाली. “आज नाही तर कधी. कौसाबाई, तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे बघा. नाहीतर आमच्या घरात सगळे मेल्यागत झोपतात.”

तेव्हा मला सांगता आलं असतं. तिचा भाऊ आला होता, दोन दीर आले होते. एकाला जागं बसवा, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. माझ्या डोळ्यांपुढं लाल गोल होते. मी म्हणाले, “बघू.”

ती गेली. कप तसाच राहिला. मी त्यावर बशी झाकली आणि नऊ वाजता झोपले.

*

“मावशी. मावशी, उठा.”

डोळे उघडले तर ऊन दारातून आत आलेलं. दारात गल्ली उभी होती. पुढे अंबादास, बनियनवर.

“मावशी, तुम्ही झोपलात?” त्यानं विचारलं. एखाद्याला चोरी करताना पकडावं तसा त्याचा आवाज होता.

“हो.”

“रात्रभर?”

“रात्रभर.”

मी बाहेर आले. गल्ली ओली होती. अंबादासचा नळ उघडा राहिला होता, त्याचा खड्डा काठोकाठ भरला होता आणि पाणी वाहून मांडवाच्या खुंटांपर्यंत गेलं होतं. मागच्या गल्लीतल्या बाईनं सांगितलं, दोनला आलं आणि सव्वातीनला गेलं. आमच्या गल्लीत एका घरानं हंडा भरला नव्हता. मथुरेचा नवरा खड्ड्यातलं पाणी डब्यानं उपसत होता, त्यात पानं आणि एक चप्पल तरंगत होती.

“चार वर्षं एक रात्र चुकला नाहीत,” अंबादास म्हणाला, “आणि नेमकं आज?”

“गोळी बदलली का?” मथुरेची सासू म्हणाली. “मी म्हणत होते, गोळी बदलू नका.”

“आता परत सुरू करा की.”

“एवढ्या लवकर बरं व्हायची काय गरज होती?” हे कोण म्हणालं ते मला दिसलं नाही.

मी आत गेले आणि वही घेऊन आले. ओट्यावर बसले. चष्मा लावला. त्यांना वाटलं मी डॉक्टरचा कागद दाखवणार. मी वाचायला लागले. माझं वाचणं तेव्हा बोट ठेवून चालायचं, प्रत्येक शब्दाला थांबून.

“दिवस पहिला. काही नाही. दिवस दुसरा. काही नाही.”

“मावशी, हे काय?” अंबादास म्हणाला.

“ऐक. दिवस तिसरा. काही नाही. दिवस चौथा. काही नाही.” मी एकही गाळला नाही. “दिवस सातवा. सहा वाजता. गयाबाई. चहा दोन कप. साडेसहा वाजता. मथुरा. ताक एक तांब्या. आठ वाजता. अंबादास. कलिंगड अर्धं. रात्री उठले, सहा वेळा. लघवी, पहिली, तीनशे.”

“मोजलं होतं?” मथुरा पुटपुटली.

“तीनशे. दुसरी, अडीचशे. दिवस आठवा. गयाबाई. चहा दोन कप.”

मी पाण्याच्या दोन्ही पाळ्या वाचल्या. गल्ली उभी राहून ऐकत होती. पोथी ऐकावी तसे काही जण हात बांधून उभे होते. वाचून झाल्यावर मी वही मिटली. खड्ड्यातल्या पाण्यात चप्पल फिरत होती.

शेवटी अंबादासनं घसा साफ केला.

“कलिंगड अर्धं नव्हतं,” तो म्हणाला. “पाव होतं.”

मथुरा फिसकन हसली. तिची सासू हसली. मग मलाही आवरलं नाही, आणि सगळी गल्ली त्या चिखलात उभी राहून हसायला लागली. अंबादास एकटाच हसत नव्हता. तो शपथेवर सांगत होता की पावच होतं, अर्धं त्यानं स्वतः खाल्लं होतं, बायकोला विचारा.

“झालं?” गयाबाई म्हणाली.

ती मागे, मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. तिच्या अंगावर हळदीसाठी काढलेलं नवं लुगडं होतं आणि हातात रिकामी घागर.

“माझी पोर पाटावर बसायची आहे,” ती म्हणाली. “तिच्या अंगावर काय ओतू? तुमची वही?”

हसणं थांबलं.

मी उठले. माझ्या घरात दोन रांजण होते. एकट्या माणसाला लागतं कितीसं, ते दोन्ही गेल्या पाण्याचे जवळजवळ भरलेले. मी दार पुरतं उघडलं आणि बाजूला झाले. गयाबाई आत आली, घागर बुडवली, भरली, बाहेर गेली. माझ्याकडे बघितलं नाही. चौदा खेपा केल्या तिनं आणि तिच्या जावेनं. मग मथुरेच्या सासूनं आपलं पिंप खरवडलं, अंबादासच्या बायकोनं तळाचं पाणी दिलं, आणि हळद लागली. लग्नाला टँकर मागवला. गयाबाईनं मला अक्षता दिल्या, जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

*

लग्नानंतर चौथ्या दिवशी अंबादास माझ्याकडे आला, सोबत आणखी चार पुरुष. मला वाटलं, आता गल्ली सोडायला सांगतात.

“मावशी, पाळी लावायची ठरलंय,” तो म्हणाला. “सातव्यापासून रोज एका घरातला एक माणूस उठणार. पण उठायचं कसं?”

“म्हणजे?”

“काल तालीम केली. मी ठरवून झोपलो की उठायचंच. सकाळी सातला उठलो. तुम्ही कसं करायचा, ते जरा सांगा.”

ते पाचही जण खाली बसले. एकाच्या हातात कागद-पेन्सिल होती. मी तस्नीमबाईंचा सल्ला त्यांना उलटा सांगितला. पाचनंतर चहा, दोन कप. आठला ताक. झोपताना कलिंगड. दिवसभर पाय खाली सोडून बसायचं. झोपायच्या आधी लघवीला जायचं नाही. आणि ज्याचं वय साठाच्या पुढं आहे, ज्याला गोळ्या चालू आहेत, त्यानं पाळीत नाव घालायचं नाही. तो पेन्सिलवाला सगळं मन लावून उतरवून घेत होता.

पाळीची यादी माझ्या भिंतीवर मी कोळशानं लिहिली. पहिलं नाव अंबादासचं.

त्यानं काही कसर ठेवली नाही. चहा दोनाऐवजी चार कप. कलिंगड या वेळी नक्की अर्धं, गल्लीनं मोजून. रात्रभर मला झोपेत त्याची दारकडी वाजल्याचं ऐकू येत होतं. सकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. डोळे सुजलेले, पायाला चिखल.

“सात वेळा,” तो म्हणाला. “आणि पाणी आलंच नाही.”

“होतं असं.”

“एकदा माझ्याच खड्ड्यात पडता पडता वाचलो.”

मी त्याच्यापुढं पाय धुवायला तांब्या ठेवला.

“मावशी, तुम्हाला हे रोज व्हायचं?”

“पाण्याच्या दिवसात. एरवी दोनदा.”

तो बराच वेळ ओट्याची माती बोटानं उकरत बसला. मी पडले होते त्या रात्री त्यानं खड्ड्यात कंदील धरून विचारलं होतं, “नळ तर मोडला नाही ना?” ते त्याला आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मी आठवण दिली नाही. दुपारी ठोकाठोकीचा आवाज आला म्हणून बघितलं तर तो खड्ड्यावर फळी बसवत होता. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या खड्ड्यांवर फळ्या आल्या.

दुसऱ्या रात्री मथुरेच्या नवऱ्यानं पाणी पकडलं. त्याच्याकडे तांब्या नव्हता, त्यानं परात बडवली. मी जागी झाले, दोन हंडे भरले, परत झोपले.

माझा ओटा मात्र रिकामा झाला. सातव्याला कुणी येईना, आठव्याला येईना. ते सगळे आपापल्या पाळीवाल्याला चहा पाजत होते. मथुरा जाता-येता हाक मारायची, अंबादास टोमणे मारायचा, पण बसायला कुणी नाही. गयाबाई तर समोरून जाताना पदर सारखा करायची आणि मांडवाच्या जागेकडे बघायची. मी रात्री सलग झोपत होते आणि संध्याकाळी पुन्हा मुकी बसत होते. हे होणार हे मला पहिल्या दिवशी दवाखान्यातच कळलं होतं.

पावसाळा लागला तरी असंच होतं. एका दुपारी मी पाय उशीवर टाकून पडले होते. दारात सावली पडली. गयाबाई होती. हातात कपबशी.

ती उंबऱ्यावर बसली. बशीत थोडा सांडला होता तो तिनं पदरानं पुसला.

“उज्ज्वलाचं पत्र आलंय,” ती म्हणाली. “वाचून द्या.”

मी वाचून दिलं. बोट ठेवून, सावकाश. सुखी होती पोर. सासरी रोज पाणी येतं, असं तिनं दोनदा लिहिलं होतं. गयाबाईनं पत्र घडी करून कमरेला खोचलं. मला वाटलं, काम झालं, आता उठेल. ती उठली नाही. कप माझ्याकडे सरकवला.

“पाच वाजायला अवकाश आहे,” ती म्हणाली. “बघून आलेय घड्याळ.”

मी चहा घेतला. आलं घातलं होतं. ती बसून राहिली. मथुरेच्या सासूच्या दातांबद्दल बोलली, अंबादासच्या फळीबद्दल बोलली. मग माझी वही उशाशी दिसली तिला.

“अजून लिहिता?”

“नाही. डॉक्टरनं बंद केलंय.”

“आजचं लिहा.”

मी वही घेतली, पेन्सिल शोधली. त्या दिवशी पाणी येऊन चौथा दिवस होता. मी लिहिलं आणि तिनं विचारायच्या आत वाचून दाखवलं, कारण तिला अक्षर येत नव्हतं.

“दिवस चौथा. साडेचार वाजता. गयाबाई. चहा अर्धा कप.”

“अर्धा कुठं?” ती म्हणाली. “पाऊण होता.”

मी अर्धा खोडला आणि पाऊण लिहिलं.